कामाच्या वेळेत येणारा वायू

तिला सगळे चौकशीबाई म्हणत. नाव ठेवलं तिच्या सासूने, लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा. नव्या सुनेने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "इथे आत पोकळ का वाजतंय?" कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी हिच्या भुणभुणीला कंटाळून सासऱ्यांनी गिलावा खरवडला, तर आत फळ्या मारून बुजवलेला एक कोनाडा निघाला आणि कोनाड्यात उंदरांचा पिढीजात संसार. सासूने कपाळाला हात लावला. "सून आणली की चौकशीची कचेरी?" म्हणाली. नाव जे चिकटलं ते कायमचं.

काही माणसांना खोड असते कुरतडायची, काहींना मोजायची. हिला झाकण दिसलं की ते उघडून बघायची. अशा बाईला कुठे नोकरी लागावी? आधी ती घरोघरी पाण्याच्या मीटरचे आकडे घेत फिरायची. आकडा घेऊन निघून जावं ना, तर नाही. "मोरीचा पाइप असा वाकडा का काढलाय?" लोक वैतागायचे. तक्रारी जायच्या. वरिष्ठ बोलवून समजावायचे, आणि समजावणी चालू असतानाच ही त्यांच्या टेबलाखालची वायर कुठे जाते ते बघत असायची.

मग गावातल्या प्रयोगशाळेला माणूस हवा होता. घरांतल्या रेडॉनची तपासणी करायची, आणि तो जास्त निघाला तर घालवायची सोय करायची. म्हणजे लोकांच्या तळघरात उतरायचं, फरशीवर ओणवं व्हायचं, भेगांत टॉर्च मारायचा, वाटेल ते प्रश्न विचारायचे, आणि वर याचा पगार घ्यायचा! तिला ही नोकरी आहे यावरच विश्वास बसेना.

हा रेडॉन म्हणजे मोठा मुखदुर्बळ वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीखालच्या खडकात युरेनियम अगदी थोडं-थोडं असतं, त्याची आपली आपण मोडतोड होत राहते आणि त्यातून हा निघतो. मोकळ्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो, कुणाचं काही बिघडत नाही. पण घराखाली आला की भेगांतून, पाइपांच्या भोकांतून, भिंत आणि फरशी जिथे भेटतात त्या फटीतून आत शिरतो आणि बंद खोलीत मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षं तो छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कर्करोग होण्याची भीती वाढते. आणि घरच्यांना पत्ताच नसतो. "चोर निदान पायांचे ठसे तरी ठेवतो," असं ती लोकांना सांगायची.

लोकही एकेक नग. तपासणीसाठी एक लहानशी डबी खोलीत ठेवायची असते, आणि ठेवलेले दिवस दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर आकडा खोटा येतो. पण घरात तपासणी म्हटली की लोकांना पाहुणे आल्यासारखं वाटतं. घर झाडतात, सगळ्या खिडक्या सताड उघडतात, सुगंधी फवारे मारतात. एका बाईंनी डबी दिसायला बरी नाही म्हणून तिच्यावर विणलेलं झाकण घातलं होतं. एका गृहस्थाने ती चोरीला जाईल म्हणून तिजोरीत ठेवली. चौकशीबाई असल्या लोकांवर रागवायची नाही. "का ठेवली? पण का?" असं विचारत बसायची, आणि तो गृहस्थ शेवटी आपल्या भावाने लहानपणी काय काय पळवलं ते सांगू लागायचा.

तर ही गोष्ट घड्याळजींच्या घरची.

घड्याळजी म्हणजे सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, उजव्या डोळ्याभोवती भिंगाची खूण कायमची उमटलेली. त्यांचं दुकान म्हणजे घराखालचं तळघर. एक लांब टेबल, त्यावर चिमटे, बारीक स्क्रू ठेवायच्या बशा, भिंतीवर निरनिराळी वेळ दाखवणारी घड्याळं. सकाळी उतरायचे, जेवायला आणि पडायला वर यायचे, पुन्हा उतरायचे, दिवेलागणीला वर. आजकाल गिऱ्हाईक फारसं नव्हतं, पण हात थांबले नव्हते. कुणाचं काही नसलं तर स्वतःचीच घड्याळं उलगडून पुन्हा जुळवायचे.

तपासणीला बोलावलं ते आजींनी, म्हणजे घड्याळजींच्या बायकोने. शेजारच्या घरात रेडॉन निघाला हे कळल्यावर त्यांच्या जिवाला घोर लागला होता. डबी ठेवली, आकडा आला, आणि जेवढा चालतो त्याच्या चौपट निघाला. आजींनी तिथल्या तिथे निकाल दिला.

"आकडा खाली आला नाही ना, तर तळघराला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला."

"अगं, पण—"

"पण नाही आणि बिण नाही. वर बसा. पेपर वाचा."

घड्याळजींनी आपल्या हातांकडे पाहिलं, हे आता वर नेऊन ठेवायचे कुठे अशा नजरेने. चौकशीबाई लगेच म्हणाली, "आजोबा, काळजी करू नका. असल्या खोल्या आम्ही पुष्कळ सरळ केल्यात."

आणि ते खरंही होतं. उपाय ठरलेला असतो. फरशीला भोक पाडायचं, त्यात पाइप उतरवायचा, तो भिंतीवरून थेट छपराच्या वर न्यायचा आणि त्याला अखंड चालणारा पंखा बसवायचा. पंखा फरशीखालची हवा ओढतो, वायू खोलीत यायच्या आधीच आकाशात जातो. चौकशीबाईचा नेहमीचा गवंडी आला, त्याने दिवसभर धूळ उडवली, घड्याळजींनी प्रत्येक घड्याळाला फडक्यात गुंडाळलं. पंखा सुरू झाला. भेगा बुजवल्या. पुन्हा डबी ठेवली.

आकडा उतरला, पण हट्टी पोर पलंगावरून उतरावं तेवढाच. अजून चालतो त्याच्या दुप्पट होता.

"काय गं?" आजींनी कंबरेवर हात ठेवले.

"थांबा हो आजी. पाणी कुठेतरी मुरतंय."

चौकशीबाईने पाइप तपासला. ओढ चांगली होती. भेगा पुन्हा तपासल्या. दिसत होत्या तेवढ्या बुजलेल्या होत्या. गवंडी म्हणाला, "बाई, माझ्या कामात खोट नाही." वरून बघता तरी नव्हती. मग तिने प्रयोगशाळेतून दुसरं यंत्र आणलं, जे तासातासाला आकडा टिपून ठेवतं. ते टेबलाच्या टोकाला ठेवलं, आणि घड्याळजींना सांगितलं की तुम्ही नेहमीसारखं काम करा.

आठवड्याने तिने आलेख काढला आणि तो आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून ती बघतच राहिली. रेघ रात्रभर झोपलेली. सकाळी घड्याळजी खाली उतरले की ती चढायला लागायची. ते जेवायला वर आले की उतरायची. झोप काढून पुन्हा खाली गेले की पुन्हा चढायची. संध्याकाळी ते वर, रेघ खाली. मधे एक दिवस घड्याळजींना ताप होता आणि ते अंथरुणातच होते. त्या दिवशी रेघ हललीसुद्धा नव्हती.

"म्हणजे हा वायू माणूस बघून येतो?" आजींनी विचारलं. "जन्मभर ह्यांना भेटायला काळं कुत्रं आलं नाही, आणि आता हा येतोय, तोही कामाच्या वेळा पाळून!"

चौकशीबाईला हसू आलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. जेवताना, झोपताना, नवऱ्याशी बोलताना तोच विचार. जमिनीला काय कळतं आजोबा आले की गेले? नवरा म्हणाला, "अगं, भाजी करपतेय." तिने भाजीचं झाकण काढलं, बघितलं, आणि विचार करत पुन्हा तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, सापडलं. जुन्या घड्याळांचे काटे अंधारात चमकायचे. त्यांना जो रंग लावत त्यात रेडियम असायचं, आणि रेडियममधूनही हाच वायू निघतो. घड्याळजी रोज कुठला तरी खण उघडत असणार! ती धावतच गेली.

"आजोबा, चमकणाऱ्या तबकड्या आहेत का तुमच्याकडे?"

"आहेत की. डबाभर आहेत." त्यांनी कौतुकाने डबा काढला. "ह्या आता मिळत नाहीत."

"मिळत नाहीत तेच बरं," ती म्हणाली, आणि ते डोळे विस्फारून बघत असताना डबा नीट बांधून प्रयोगशाळेत पाठवून दिला. घड्याळजी दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले. त्यांच्या उस्तादाच्या हातच्या होत्या म्हणे त्यातल्या काही. आणि एवढं करून रेघ किंचित खाली सरकली, पण तिचं चढणं-उतरणं तसंच. तबकड्या गेल्या, वायू कामावर हजर.

आता मात्र चौकशीबाई खरोखर चिडली, आणि ती चिडली की तिला फार बरं वाटायचं. तिने विचारलं, "आजोबा, खाली आल्यावर तुम्ही काय काय सुरू करता? हीटर? पंखा? काहीही?"

"दिवा लावतो," घड्याळजी म्हणाले. "दिव्याशिवाय काय दिसणार?"

"अजून?"

"अजून काही नाही."

ते खोटं बोलणारे नव्हते. तिने ठरवलं, आता दिवसभर त्यांच्यासोबतच बसायचं.

आजींनी तिला चहाचा थर्मास देऊन खाली पाठवलं. "बघ बाई काय ते. ह्या आठवड्यात काही झालं नाही तर मी कुलूप आणलंय." कुलूप खरंच आणलेलं होतं, नवं कोरं, ओट्यावर ठेवलेलं. चौकशीबाईने ते उचलून पाहिलंच.

घड्याळजी खाली आले. आधी दार लावलं, मग दाराच्या खालच्या फटीत फडक्याची गुंडाळी सरकवली. "धूळ," ते म्हणाले. "घड्याळाची वैरीण." खिडकीच्या कडांना त्यांनी रबरी पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, भिंतीतलं एकेक भोक लांबी भरून बुजवलेलं. तिने यापूर्वी हे पाहिलं होतं, पण तेव्हा खोली घट्ट बंद असणं तिच्या तपासणीला सोयीचंच होतं. मग त्यांनी दिवा लावला, डोळ्याला भिंग अडकवलं, काचेच्या वाटीत थोडं पेट्रोल ओतलं आणि एका मनगटी घड्याळाची चाकं त्यात धुवायला सोडली.

चौकशीबाई जमिनीवर फतकल मारून बसली. तिच्या हातात पातळ कागदाची चिंधी होती. ती भिंत आणि फरशीच्या सांध्यापाशी धरून एकेक वीत पुढे सरकत होती. हवा आत येत असेल तर चिंधी हलते, साधा हिशोब. टेबलाशेजारच्या अवजारांच्या कपाटामागे तिने हात घातला. गवंड्याला ते जड कपाट हलवता आलं नव्हतं, तेवढा सांधा बुजवायचा राहून गेला होता. चिंधी फडफडली. खोलीच्या आत, अगदी सरळ आडवी.

"आजोबा, हलू नका!"

"मी कुठे हलतोय?"

ती विचार करत राहिली. बारीक फट, ठीक आहे. पण खालून आमचा पंखा ओढतोय, तरीही हवा वर येते म्हणजे इथेही कुणीतरी ओढतंय. कोण? तिने खोलीभर कान दिला. घड्याळांची टिकटिक, त्याशिवाय काहीच नाही. मग तिला पेट्रोलची वाटी आठवली. उघडी वाटी, बंद खोली, आणि वास?

"आजोबा, पेट्रोलचा वास कसा येत नाही इथे?"

"कसा येईल? तो जातो ना बाहेर." घड्याळजींनी टेबलाच्या कडेखाली बोट दाखवलं. तिथे पत्र्याचं एक चपटं तोंड होतं, जेमतेम बोटभर उंचीचं. त्यातून नळी कपाटामागून भिंतीबाहेर गेलेली. "आत बारीक मोटर आहे. मीच बसवली."

"आणि तुम्ही म्हणालात फक्त दिवा!"

"दिवाच तो. एकाच बटणावर आहे सगळं. दिवा लावला की तीही लागते." ते जरा गोंधळले. "इतकी वर्षं झाली, ती वेगळी आहे हेच मी विसरलो होतो."

"पण आवाज कसा नाही?"

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी ऐट आली. "घड्याळाची चाल कानाने तपासायची असते. आवाज कसा चालेल? तोलून तोलून बसवलीये. केसाएवढाही थरथराट नाही."

चौकशीबाईने बटण बंद केलं. चिंधी लोंबली. बटण चालू केलं. चिंधी आडवी. बंद, चालू, बंद, चालू. शाळेतली पोरगी खेळावी तशी ती खेळत राहिली, आणि घड्याळजी काम विसरून तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसले.

मग तिने सांगितलं. बाटलीला तोंड लावून हवा ओढली तर ओठ आत ओढले जातात ना, तसं. खोली धुळीसाठी घट्ट बंद. मोटर हवा बाहेर फेकतेय. तेवढी हवा कुठून तरी यायलाच हवी. दारातून नाही, खिडकीतून नाही, मग जमिनीतून. आमचा पंखा खालून ओढतो, तुमची मोटर वरून. दिवसभर दोघांची रस्सीखेच, आणि टेबलापाशी बसलेले तुम्ही मधे.

"म्हणजे मीच बोलावतोय त्याला," घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही नाही, तुमची मोटर. ती बंद करायची आणि उलट काम करायचं. बाहेरची हवा गाळून आत सोडायची. आत हवा भरलेली असली की वायूला शिरायला जागाच राहत नाही. कपाटामागचा सांधाही बुजवू. धूळही येणार नाही. सुटला की प्रश्न!"

तिला वाटलं होतं म्हातारा खूश होईल. घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि पुसत बसले.

"मग पेट्रोलचा वास?"

"तो... थोडासा जिन्याने वर जाईल. वाटीला झाकण ठेवा, लागेल तेवढंच घ्या. जास्त नाही जाणार. नाहीतर चाकं अंगणात धुवा."

"अंगणात? वाऱ्यात? एक स्क्रू गवतात पडला तर महिनाभर शोधत बसेन." ते थांबले. "आणि वर वास चालायचा नाही. लग्नानंतर तिने एकच गोष्ट मागितली. हा वास घरात नको, मळमळतं म्हणाली. एकच गोष्ट. म्हणून तर मोटर बसवली." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लावू दे कुलूप. झालं तेवढं काम पुष्कळ झालं."

चौकशीबाईला रडू यायचंच बाकी राहिलं. एवढं शोधून काढलं, आणि ते कशावर अडावं, तर म्हाताऱ्याच्या शब्दावर! तिला त्यांचा रागही आला आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं. "आजोबा," ती म्हणाली, "आठवडाभर करून तर बघू. यंत्र ठेवते. आकडा उतरलाच नाही तर हा वादच नको."

"ती पहिल्याच दिवशी ओरडेल."

"ओरडू दे. मग बंद करू."

आजींना तिने एवढंच सांगितलं की एक नवा उपाय करून बघतोय. मोटरची तार काढली, सांधा बुजवला, खिडकीत गाळणी लावलेला छोटा पंखा बसवला. आणि घड्याळजी जिन्याकडे कान लावून कामाला बसले.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी चौकशीबाई मुद्दाम डोकावली. जिन्यात पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता, फार नाही, पण येत होता. "काय म्हणाल्या?" तिने हळूच विचारलं.

"काहीच नाही. जेवायला वाढलं, गप्प होती." घड्याळजी काळजीत पडले होते. "नाक गेलं की काय गं तिचं? मुद्दाम वाटीवरचं झाकण काढून ठेवलं थोडा वेळ. तरी हाक नाही."

"आजोबा, झाकण ठेवा म्हटलंय ना मी!"

"कळायला नको का?"

कळायला तर तिलाही हवं होतं. आठवडाभर तिच्या डोक्यात आकड्यापेक्षा हाच किडा जास्त वळवळला. ह्या वासाने मळमळणारी बाई स्वतःच्या घरात वास येऊन गप्प कशी?

आठवड्याने तिने यंत्र उघडलं. रेघ सपाट. सकाळी सपाट, दुपारी सपाट, घड्याळजी खाली असताना सपाट. चालतो त्याच्या खूप खाली. तिने आलेख घेतला आणि जिना चढून स्वयंपाकघरात आली. घड्याळजी मागून दोन पायऱ्या चढून तिथेच थांबले. वर येण्याचं धाडस त्यांना होईना.

आजी ओट्यापाशी उभ्या होत्या. कुलूप अजून तिथेच होतं.

"आजी, आकडा उतरला. आता खाली बसायला हरकत नाही."

आजींनी डोळे मिटले, उघडले. "बरं झालं बाई."

"पण एक आहे. पेट्रोलचा वास वर येतो. आणि तो येत राहणार. ही सोय ठेवायची तर वास ठेवावा लागेल. आजोबा म्हणतात, तुम्हाला चालत नसेल तर ते काम सोडतील." आणि मग राहवेना म्हणून तिने विचारलंच, "आठवडाभर येतोय, तुम्ही बोलला का नाहीत?"

आजींनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. घड्याळजी तिथे उभे आहेत हे त्यांना दिसत होतं की नाही, कोण जाणे.

"मी नवीन होते तेव्हा मळमळायचं," त्या म्हणाल्या. "मग ह्यांनी ते मशीन बसवलं आणि वास गेला. बरं वाटलं. थोडे दिवस." त्या थांबल्या. "मग ह्यांचा आवाज नाही, मशीनचा आवाज नाही, वास नाही. खाली माणूस जिवंत आहे की पडलाय ते मला कसं कळणार? इतकी वर्षं मी दिवसातून चारदा जिन्यापर्यंत येते, खालच्या दाराच्या काचेत दिवा दिसला की परत फिरते. हाक मारली तर म्हणतील, काम करू देत नाही."

चौकशीबाईला पुढचा प्रश्न सुचला नाही. हे तिच्या आयुष्यात फारदा झालेलं नव्हतं.

"ह्या आठवड्यात एकदाही आले नाही मी जिन्यापाशी," आजी म्हणाल्या. "इथे बसल्या बसल्या कळतं. वास आला की समजायचं, बसलेत." मग त्या पदराला हात पुसत जिन्याच्या दाराकडे गेल्या आणि ते पुरतं उघडून भिंतीला टेकवून ठेवलं.